खर्डा, परंडा आणि अनंत फंदीचा फटका

इ.स. १७९५ च्या सुरुवातीला हैदराबादचा निजाम अली खान बीदरहून मांजरेच्या काठाकाठाने पश्चिमेकडे सरकत होता. लढाई अजून झालेली नव्हती, पण छावणीत विजयाची गाणी सुरू झाली होती. नायकिणी नाचत होत्या, आणि जे घडलेच नव्हते त्याचे गुणगान चालले होते. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क उघडपणे सांगत होता की, पेशव्याला कमरेला पंचा गुंडाळून, हातात पाण्याचे भांडे देऊन गंगेच्या काठी जप करायला बसवल्याशिवाय आम्ही तह करणार नाही. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हे सारे नोंदवून ठेवले आहे.

मोहरीचा घाट उतरून निजाम खर्ड्याला आला. तिथून त्याला परंड्याकडे जायचे होते. ११ मार्च १७९५ रोजी त्याची फौज खर्ड्याहून परंड्याच्या वाटेला लागली आणि उजव्या हाताला मराठ्यांचे सैन्य दिसू लागले. परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती होते. शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या, तुकोजी होळकर होते, नागपूरकर भोसल्यांचे बाणदार होते. पलीकडे रेमाँ या फ्रेंच सरदाराच्या शिस्तीत वाढलेल्या निजामाच्या पलटणी होत्या आणि त्यांनी चांगला टिकावही धरला. पण निजामासोबत जनाना होता. बेगमा घाबरल्या, त्यांनी माघारीचा हट्ट धरला, आणि रात्रीच्या अंधारात एवढी मोठी फौज खर्ड्याच्या लहानशा किल्ल्याच्या आश्रयाला पळाली. मराठ्यांनी वेढा घातला. शेवटी निजामाने तह केला. तीन कोटी रुपये देणे कबूल झाले, दौलताबादचा किल्ला आणि दक्षिणेला परंड्यापासून उत्तरेला तापीपर्यंतचा सरहद्दीचा मुलूख लिहून द्यावा लागला, आणि पेशव्याला काशीला धाडायला निघालेला तो दिवाण स्वतः ओलीस म्हणून पुण्याला गेला.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला ही गावे नकाशात शोधावी लागत नाहीत. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात असला, तरी भूमहून तो हाकेच्या अंतरावर आहे. परंडा तर आपलाच तालुका. त्या तहात पेशवाईकडे गेलेला हा भाग पुढे पुन्हा निजामाकडे आला आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिला. लढाईच्या मानाने माणसे फार पडली नव्हती. तरीही मराठ्यांच्या आठवणीत खर्डा जेवढा राहिला तेवढ्या फार थोड्या लढाया राहिल्या, कारण पेशव्याच्या झेंड्याखाली सगळे सरदार एकत्र आल्याचा तो अखेरचा प्रसंग होता. त्या आठवणीला सूर देणाऱ्या शाहिरांत संगमनेरचा अनंत फंदी होता.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला मिळालेली जागा लहान आहे. रामजोशी, होनाजी, प्रभाकर यांच्या नावांबरोबर त्याचे नाव येते आणि एखाद्या परिच्छेदात संपते. शाळेत त्याची एक उपदेशाची कविता पाठ होते, परीक्षा झाली की ती मागे पडते आणि कवीही मागे पडतो. हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. उपदेश हा त्याच्या कवितेचा वरचा पापुद्रा आहे. त्याच्याखाली सत्तेकडे, पैशाकडे आणि माणसांच्या ढोंगाकडे डोळे उघडे ठेवून पाहणारा एक व्यंगकवी बसलेला आहे.

त्याचे आडनाव घोलप. जन्म १७४४ चा, संगमनेरचा. वडिलांचे नाव भवानीबावा, आईचे राऊबाई. जात ब्राह्मण, पण पूर्वज गोंधळ घालत असत असे सांगितले जाते. गावात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता. अनंताची आणि त्याची इतकी गट्टी जमली की लोक यालाही फंदी म्हणू लागले आणि घोलप हे आडनाव कागदापुरते उरले. मुसलमान फकिराचे नाव एका ब्राह्मण कवीने जन्मभर मिरवले आणि त्याच नावाने तो आजही ओळखला जातो, हे त्या काळाविषयी बरेच काही सांगून जाते. त्याचा मुलगा बापू फंदी, तोही शाहीर झाला.

पूर्वजांच्या गोंधळाची ही गोष्ट खरी असेल तर तिचा धागा सरळ तुळजापूरला पोहोचतो. गोंधळात चौक मांडतात, दिवटी पेटवतात, संबळावर काडी पडते, तुणतुण्याची एकच तार झंकारत राहते आणि गोंधळी गावोगावच्या देवांना एकेक करून बोलावतो. तुळजापूरच्या भवानीला आवतण दिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. देवांची आवाहने झाली की मग आख्यान लागते. एक जण सांगतो, दुसरा मध्येच अडवून विचारतो, पहिला त्याला उत्तर देतो, आणि त्या सवालांत हसू असते, टोमणा असतो, गावातल्या कुणाची तरी नक्कल असते. पुढे पोवाड्यात आणि तमाशात जे बहरले, त्याचे बरेचसे बी-बियाणे इथले आहे. उपलब्ध पोवाड्यांतला सर्वांत जुना मानला जाणारा अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडाही भवानीच्या भक्तीत भिजलेला आहे.

भवानीला समोर ठेवून थट्टा करण्याची रीतही फंदीच्या आधीची आहे. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) आपल्या भारुडांत गोंधळी, भुत्या, जोगवा मागणारी अशी देवीच्या परिवारातली माणसे बोलती केली. एका भारुडात तर नवस बोलणारी सासुरवाशीण भवानीला रोडग्याचे आमिष दाखवते आणि घरातल्या एकेका माणसाचा काटा काढून मागते. ऐकणारे पोट धरून हसतात आणि हसता हसता एकत्र कुटुंबात सुनेची काय दशा होते हे त्यांच्या ध्यानात येते. नाथांचे बोट अखेर परमार्थाकडे वळते. फंदीचे बोट प्रपंचातच राहते. पण हसवत हसवत वर्मावर नेमके बोट ठेवायचे, ही हातोटी दोघांचीही.

फंदीच्या तरुणपणी तमाशाला बहर आला होता. पुण्यात पैसा होता, शिलेदार मोहिमांवरून परतत होते, पावसाळ्यात छावण्या रिकाम्या असत आणि मनोरंजनाला मागणी होती. शाहीर डफ घेऊन पुढे उभा राही. डफाचे चामडे हवेतल्या ओलीने सैल पडले की ते शेकोटीजवळ धरून तापवावे लागे, आणि आवाज टणक झाला की मगच पहिली थाप पडे. मागे तुणतुणेवाला, झांजवाला, आणि शाहिराच्या ओळीचा शेवट उचलून धरणारे झिलकरी. झिलकऱ्यांनी सूर ओढून धरला की तेवढ्या वेळात शाहिराला पुढची ओळ आठवायला किंवा जागच्या जागी रचायला उसंत मिळे. समोर बसलेल्या पाटलाचे, सावकाराचे, सरदाराचे नाव त्या ओळीत कसे घुसले हे अनेकदा त्यालाही आधी ठाऊक नसे. फंदीला ही शीघ्ररचना इतकी साधली होती की होनाजीसारख्या समकालीन शाहिराने त्याला कवनांचा समुद्र म्हणून गौरवले. एका शाहिराने दुसऱ्याची अशी मोकळी स्तुती करावी ही गोष्ट फडांच्या चढाओढीच्या त्या दिवसांत सोपी नव्हती.

लावण्या, पोवाडे, कटाव, फटके, सगळे त्याने हाताळले. मग त्याच्या आयुष्यात अहिल्याबाई होळकर आल्या. फंदी महेश्वरला गेला, तेव्हा बाईंनी त्याची वाणी ऐकली आणि एवढे देणे लाभलेल्या माणसाने तमाशात ते उधळू नये असे त्याला सुनावले. त्याने डफ टाकला आणि वीणा-चिपळ्या हाती घेऊन तो कीर्तनकार झाला, असे परंपरा सांगते. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी हे जामखेड तालुक्यातले, म्हणजे खर्ड्याच्याच पंचक्रोशीतले म्हणायला हरकत नाही. आपल्या या कोरड्या माळाशी फंदीचे नाते जुळते ते असे दोन बाजूंनी: एकदा बाईंच्या शब्दाने आणि एकदा लढाईने.

कालक्रम मांडून पाहिला तर एक गमतीची गोष्ट दिसते. अहिल्याबाईंचे निधन १३ ऑगस्ट १७९५ चे. खर्ड्याची लढाई त्याच वर्षीच्या मार्चमधली. म्हणजे बाईंची भेट मार्चपूर्वी झाली असेल, तर खर्ड्याचा पोवाडा कीर्तनकार झालेल्या फंदीने रचला. भेट त्यानंतरची असेल, तर ती लढाईनंतरच्या पाच महिन्यांतलीच असली पाहिजे. पहिली शक्यता मला अधिक पटते. कीर्तनाला उभा राहिलेला माणूसही रणांगणाची बातमी कानावर आली की स्वस्थ बसू शकला नाही. त्याच्या आत शाहीर जिवंतच होता.

खर्ड्याच्या विजयानंतर सात-आठ महिन्यांतच, ऑक्टोबर १७९५ मध्ये, पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. वय अवघे एकवीस. सगळी रयत हळहळली. फंदीने पुढे पेशवेपदावर आलेल्या दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून या तरुण पेशव्यावर 'श्रीमाधवग्रंथ' हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. शाहिराने डफाचा ताल सोडून ओवीत उतरावे हा मोठा पालट आहे. पण तो ग्रंथ वाचणारे आज अभ्यासकच. लोकांच्या तोंडी राहिला तो त्याचा फटका.

फटका हा रचनाप्रकार मराठीत रूढ करण्याचे श्रेय फंदीलाच दिले जाते. त्याची बांधणी चाबकाच्या फटकाऱ्याची आहे. ओळ लांब, चाल धावती, मधेच यमकाचे दोन-तीन झटके आणि शेवटी एक आज्ञा. त्याच्या प्रसिद्ध फटक्यात ओळीमागून ओळ एकाच नकारावर येऊन आदळते. हे करू नकोस, ते करू नकोस, असा सपाटा चालतो. त्यामुळेच तो शाळेच्या पुस्तकात गेला आणि सद्वर्तनाची यादी म्हणून शिकवला गेला. पण त्यात काय काय नाकारले आहे ते जरा थांबून पाहावे. खोटे बोलू नये, परधनावर डोळा ठेवू नये, दारी आलेल्याला मूठभर देताना मागेपुढे पाहू नये, हे तर कोणताही कीर्तनकार सांगेल. फंदी तिथे थांबत नाही. एखाद्याचे उणे काढून चारचौघांत त्याला लाजवू नये, हे तो सांगतो. दुसऱ्याच्या ठेवीवर मत्सराने टपून बसू नये, हे सांगतो. व्यवहारात भोळेपणाने फसू नये, हेही सांगतो. आणि वरच्या माणसाचे पाठबळ आहे म्हणून गरिबावर गुरगुरू नये, कारण ते पाठबळ दोन दिवसांचे असते आणि नंतर नाव मात्र खराब होते, असा इशारा देतो. हे शेवटचे वाक्य उपदेशाचे नाही, पेशवाईच्या उत्तरार्धातल्या प्रत्येक मामलेदाराच्या आणि त्याच्या कारकुनाच्या तोंडावर मारलेले आहे. वशिल्यावर जगणारी माणसे त्याने जवळून पाहिली होती.

त्यातली एक सूचना तर आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने लिहिली असावी अशी वाटते. दोस्तीखातर स्वतःच्या खिशाला खार लागला तरी चालेल, मात्र कुणाला जामीन राहू नये, असे फंदी बजावतो. सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जावर शेजाऱ्यासाठी सही केली, पाऊस गेला, शेजारी थकला आणि नोटीस आपल्या दारी आली, ही हकिकत धाराशिवच्या कोणत्याही गावात ऐकायला मिळते. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या संगमनेरच्या बाजारपेठेतही ती घडत होती. फंदीने ती डोळ्यांनी पाहिली असणार, त्याशिवाय देवाधर्माच्या ओळींमध्ये जामीनकीचा मुद्दा कोण आणील?

त्याचा खरा तिखटपणा दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारावर बोलताना दिसतो. बापाच्या काळापासून राबलेल्या जुन्या नोकरांना भाकरीची भ्रांत पडली आणि बिनकामाच्या माणसांना तूपसाखर चारून पोसले जाते आहे, असे त्याने सुनावले. एवढ्या एका चित्रात एका राजवटीचे निदान आहे. बाजीरावाने महाल मक्त्याने द्यायला सुरुवात केली होती. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला वसुली मिळे, आणि तो ती रयतेच्या पाठीवरून काढी. अनुभवी मुत्सद्दी बाजूला पडले होते. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी पुणे लुटले, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला, पाठोपाठ दुष्काळ आला. ज्याच्या सांगण्यावरून माधवरावांवर ग्रंथ लिहिला, त्याच धन्याच्या पंक्तीत काय वाढले जाते आणि कुणाचे पान कोरडे राहते, हे फंदीने लोकांना गाऊन सांगितले. आश्रयदात्याचा मान आणि त्याच्या कारभाराचा निषेध या दोन्ही गोष्टी त्याने एकाच तोंडाने केल्या. यात त्याचा कमकुवतपणा पाहणारेही असतील. मला त्यात धाडस दिसते, कारण बाजीरावाचा राग ओढवून घ्यायला त्या काळी एवढे पुरेसे होते.

याच काळात इंग्लंडमध्ये जॉन वोल्कॉट नावाचा एक कवी होता. पेशाने डॉक्टर, पण 'पीटर पिंडार' या टोपणनावाने तो तिसऱ्या जॉर्ज राजाची आणि रॉयल अकादमीतल्या चित्रकारांची टर उडवी. राजाच्या जेवणात निघालेल्या एका उवेवर त्याने सबंध विनोदी महाकाव्य रचले. गाणीही लिहिली. इंग्रजी वाङ्मयात तोही दुय्यम कवी मानला जातो. तो गेला जानेवारी १८१९ मध्ये, आणि अनंत फंदी गेला तेही १८१९ मध्येच. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. वोल्कॉटच्या पुस्तिका लंडनच्या दुकानांत छापून विकल्या जात, त्यामुळे तो आज पानापानाने सापडतो. फंदीच्या हयातीत मराठी छपाई नुकती कुठे सुरू होत होती. त्याचे कवन कुणाच्या तरी कंठात किंवा हाताने लिहिलेल्या बाडात राहिले तरच वाचले. कवनांच्या समुद्रातले किती पाणी आपल्यापर्यंत पोहोचले याचा विचार केला की वाईट वाटते.

जे पोहोचले त्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांना द्यायला हवे. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ हा मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी. त्याने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळी आणि शाहीर गाठून पोवाडे उतरवून घेतले आणि १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला. १८९४ मध्ये ॲकवर्थने त्यांतल्या काहींचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले. पेशवाई बुडून सत्तर वर्षे उलटली होती. म्हातारे गोंधळी एकेक करून जात होते. हे काम आणखी वीस वर्षे लांबले असते तर काय उरले असते कोण जाणे.

फटक्याची चालही मेली नाही. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे होत आली तेव्हा कुसुमाग्रजांनी 'स्वातंत्र्यदेवतेची विनवणी' लिहिली आणि देशाच्या कारभारावर बोट ठेवण्यासाठी हाच नकारांचा साचा निवडला. मराठीतल्या एवढ्या मोठ्या कवीला राज्यकर्त्यांना जाब विचारायचा होता, तेव्हा त्याला फंदीचे हत्यार घ्यावेसे वाटले, याहून मोठी पावती कोणती? खुद्द जामखेडने रामदास फुटाणे यांच्यासारखा भाष्यकवी दिला. कवी म्हणून ते राजकारण्यांना व्यासपीठावरून चिमटे काढत आले आणि 'सामना' या चित्रपटाचे निर्माते म्हणूनही साखरेच्या सत्तेचे चित्र त्यांनीच पडद्यावर आणवले. खर्ड्याच्या रणापासून फुटाण्यांच्या गावापर्यंतची वाट काही लांब नाही. संगमनेरात फंदीच्या नावाने व्याख्यानमाला चालते, ही त्या गावाने ठेवलेली चांगली आठवण आहे.

आपल्याकडे मात्र खर्ड्याची लढाई शिकवताना तहाची कलमे सांगतात आणि शाहीर गाळतात. परंडा, भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतल्या इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, खर्ड्याचा धडा आला की फंदीचा पोवाडा वर्गात मोठ्याने म्हणावा आणि फटका शिकवताना गरिबावर गुरगुरणाऱ्याची आणि जामीनकीची ओळ जरा जास्त वेळ फळ्यावर राहू द्यावी. आणि ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांच्या हातची लावण्या-पोवाड्यांची, गोंधळाच्या पदांची बाडे अजून कपाटात किंवा माळ्यावर आहेत, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला दाखवावीत, पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत. त्यांत कुठे तरी शेवटच्या कडव्यात फंदीचे नाव असण्याचा संभव आहे.